शिलेदार, बारगीर आणि चेतक

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार उभा राहतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचा पांढराशुभ्र नुकरा अशी देशभरची जनावरे तेथे उतरतात. अलीकडच्या वर्षांत या सोहळ्याला ‘चेतक महोत्सव’ असे भारदस्त नावही मिळाले आहे. घोडा विकत घेण्याची आमची ऐपत नाही, त्यावर बसण्याची तर त्याहून नाही. आम्ही जातो ते गिऱ्हाइके पाहायला. बाप घोड्याचे दात पाहतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे निरखतो आणि सगळे मनासारखे असले की लगाम पोराच्या हाती देतो. पोरगा रपेट मारून परत येईपर्यंत व्यापारी काय भाव सांगतो आहे, ते त्या बापाच्या कानात शिरत नाही. व्यापाऱ्यांनी भाव ठरवायला हीच वेळ साधावी, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

या दृश्याला आमच्या भागात मोठी परंपरा आहे. मल्हारराव होळकरांचा जन्म 1693 मधला, होळ गावचा. पोर तीन वर्षांचे असताना वडील गेले आणि आईने त्याला घेऊन माहेरची वाट धरली. तिचे भाऊ भोजराज बारगळ तळोद्याला होते, आणि तळोदे म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलेच गाव. कदमबांडे सरदारांसाठी भोजराज घोडेस्वारांचे पथक बाळगून होते. मेंढ्या राखणारा भाचा वयात आला तो या मामाच्या पथकात. पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकात असतो: उत्तरेच्या मोहिमा, माळवा, इंदूर. आम्हाला मात्र तळोद्याचा तो पहिला दिवस खुणावतो. भाच्याच्या हाती लगाम देताना मामा पथकाचा विचार करीत असेल. विधवा बहीण कशाचा करीत असेल? याच मल्हाररावांवर पुढे बाप म्हणून काय ओढवले, तेही विसरता येत नाही. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचा एकुलता एक खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेला. तो तेव्हा काही पोरसवदा नव्हता, संसारी आणि कर्ता होता. पण बापाच्या हिशेबात वयाची ही वजाबाकी कधी धरली जाते?

मराठी फौजेत स्वारांचे दोन प्रकार होते. स्वतःचा घोडा नि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा मिळालेला तो बारगीर. शिलेदाराचा घोडा पडला तर तोटा त्याचा. बारगिराचा पडला तर धन्याचा. शिवकाळी पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. आमच्या घरी एका बारगिरावर दोन हवालदार आहेत, आणि तरीही शिस्तीची बोंबच आहे!

घोड्याची जागा यंत्राने घेतली ती मध्यमवर्गाच्या अंगणात 1972 मध्ये, असे आम्ही धरून चालतो. बजाजची ‘चेतक’ आणि कायनेटिकची ‘लूना’ या दोन्ही त्याच वर्षीच्या. पैकी एकीला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळावे, हे सारंगखेडेकरांना तरी मुद्दाम सांगायला नको. चेतक ही बापाची गाडी होती. पुढे उभे लहानगे, मागे आडवी बसलेली आई, मधे बाप, असे ते चालते कुटुंबच. लूनाचे तसे नव्हते. ती हलकी, 50 सीसीची, बंद पडली तर पायडल मारून घरी आणता येईल अशी. तिच्यावरून महाविद्यालयात जाणारी मुलगी ही खानदेशातल्या गावांना नवी गोष्ट होती. त्या मुलींच्या आया आपण होऊन कधी एकट्या तालुक्याला गेल्या नव्हत्या. मुलगा उशिरा आला तर बाप रागवे. मुलगी उशिरा आली तर आई अख्ख्या आळीच्या नजरा झेलत दारात उभी राही.

कायद्यानेही ही लूना ध्यानात ठेवली होती म्हणावे लागेल. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने अठराखालच्यांना गाडी मना केली, पण 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी सोळा वर्षे पुरेशी मानली, आणि अशा अल्पवयीनाच्या शिकाऊ परवान्याला पालकाची लेखी संमती मागितली. अडचण अशी झाली की पुढे बाजारातल्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या पलीकडे गेल्या. सवलत राहिली, तिच्या मापाची गाडी राहिली नाही. आणि घरोघरची पोरे सोळाव्या वर्षी बापाच्या गाडीवर बसू लागली. 2019 ची दुरुस्ती आली ती या पार्श्वभूमीवर. परवाना नसलेल्या अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक वा गाडीचा मालक दोषी: तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मेले, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. बारगिराच्या कसुरीचा जाब धन्याला, हे जुनेच सूत्र नव्या कलमात आले, असे आम्ही वर्गात सांगतो. वर्गात सांगणे सोपे असते.

आमच्या मुलीला आम्ही अठरा पुरी होईपर्यंत गाडी दिली नाही. रोज सकाळी शिकवणीला सोडायचे, संध्याकाळी आणायचे. दोन वर्षे ही हमाली आम्ही कुरकुरत केली. आता कळते, की तिच्याशी आमचे जे काही बोलणे होई ते त्या वीस मिनिटांतच होत असे. मागे बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, म्हणून ते मोकळे बोलते. मैत्रिणीशी झालेले भांडण, गणिताचे गुण, एका मुलाचे नाव (एकदाच) हे सारे आम्ही रस्त्याकडे पाहत ऐकले. परवाना आला आणि आमच्या दोन मोकळ्या संध्याकाळच्या वेळा आम्हाला परत मिळाल्या. त्यांचे काय करावे, ते अजून ठरलेले नाही.

हिवाळ्यात हा रस्ता वाईट. गाळप सुरू असते, उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात चालत असतात, आणि मागे लाल दिवा असेलच याची हमी नाही. तापीच्या पुलावर धुके असते. तिला हे सगळे सांगून झाले आहे. “आई, पोचल्यावर फोन करते म्हटलं ना,” एवढे म्हणून ती हेल्मेटचा पट्टा लावते. घोडा निदान घरची वाट ओळखतो.

यंदाच्या यात्रेला तिने मैत्रिणीला मागे बसवले आणि ती आमच्या आधी निघून गेली. घरात गाडी एकच. आम्ही दोघे एस.टी.ने गेलो. बाजारात एका अबलख घोडीपाशी ती उभी दिसली, घोडेवाल्याला काहीतरी विचारीत होती. हाक मारावी असे दोघांच्याही ओठांवर आले होते. मग आम्ही दत्ताच्या रांगेकडे वळलो.