गिरणगावाची ‘चिप्पी’

मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅममध्ये मी राहते. इथे शुक्रवारी कुणी ‘आज चिप्पी टी’ म्हणालं, तर चहाचं आधण ठेवायचं नसतं. उत्तर इंग्लंडच्या कष्टकरी बोलीत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि ‘चिप्पी’ म्हणजे तळलेली मासळी व बटाट्याचे चिप्स विकणारं दुकान. थोडक्यात, आज चुलीला सुट्टी.

मासळी तळून खाण्याची ही रीत स्पेन-पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंनी इंग्लंडात आणली. तिच्या जोडीला चिप्स पहिल्यांदा कुणी दिले, यावर दोन दावे आहेत. लंडनवाले 1860 च्या सुमाराच्या जोसेफ मॅलिन यांचं नाव घेतात. आमच्या शेजारचं मॉसली गाव 1863 च्या सुमारास बाजारात लाकडी खोपट टाकणाऱ्या जॉन लीस यांचं.

मला त्या वादापेक्षा गिऱ्हाईक महत्त्वाचं वाटतं. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत हजारो बायका दिवसभर मागावर उभ्या असत. घरी येऊन रांधायला ना वेळ, ना त्राण. पुढे वाफेवरचे ट्रॉलर भरभरून मासळी आणू लागले आणि ग्रिम्सबी, हल या बंदरांतून रेल्वेने ती बर्फात घालून गिरणगावांत पोचू लागली. चार पेन्यांत घरादाराचं पोट भरू लागलं. 1910 पर्यंत देशात अशी सुमारे 25 हजार दुकानं झाली.

सुखवस्तू लोकांनी मात्र नाकं मुरडली. या बायका आळशी, उधळ्या, असं बोललं गेलं. कायद्यानेही हा धंदा 1940 पर्यंत ‘उपद्रवी’ व्यवसायांत धरला होता. दुसऱ्या महायुद्धात अनेक खाद्यपदार्थांना रेशन लागलं, तेव्हा सरकारने फिश अँड चिप्स त्यातून वगळले. कामगारांच्या या जेवणाला हात लावणं परवडणार नव्हतं.

हे वाचताना मला मुंबईचं गिरणगाव आठवतं. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते आणि खाणावळीत जेवत. अशा खाणावळी चालवणाऱ्या, घरच्या चुलीवर पाच-दहा गड्यांचं रांधणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. लँकेशायरच्या चिप्पीवर इतिहासकारांनी ग्रंथ लिहिले. आपल्या खाणावळीही त्याच मोलाच्या आहेत. तुमच्या घरात खाणावळ चालवलेली आजी किंवा मावशी असेल, तर तिचे पदार्थ, दर आणि उधारीचा हिशेब आजच लिहून घ्या.