आधी दगड की आधी रोप?

शाळेच्या आवारात बाग करायची ठरली, की आपण आधी रोपे आणतो. वाट कुठून जाणार, पावसाच्या पाण्याचा निचरा कसा होणार, हे प्रश्न नंतर पडतात. मग वाढलेले झाड उपटावे लागते. पायवाटा, भिंती, पायऱ्या हे बागेचे बांधीव अंग. झाडेझुडपे हे जिवंत अंग. या दोहोंची सांगड कशी घालावी, याचा एक धडा इंग्लंडच्या इतिहासात सापडतो.

गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) या मूळच्या चित्रकार. नजर अधू होत गेली, तेव्हा बारीक काम सोडून त्या बागेत रमल्या. १८८९ मध्ये त्यांची ओळख वीस वर्षांच्या एडविन लट्येन्स या वास्तुकाराशी झाली. (नवी दिल्लीची आखणी करणारे लट्येन्स ते हेच.) पुढे अनेक बागा दोघांनी मिळून केल्या: दगडकाम लट्येन्स यांचे, लागवड जेकिलबाईंची.

बाईंच्या स्वतःच्या मन्स्टेड वुड येथील बागेत सुमारे २०० फूट लांबीचा फुलांचा पट्टा होता. दोन्ही टोकांना निळे, करडे, फिकट रंग. मध्यभागी नारिंगी आणि लाल. असे का? निळसर रंग बराच वेळ पाहिला, की डोळ्यांची त्या रंगाबाबतची संवेदना मंदावते आणि त्याच्या विरोधी छटा अधिक उठून दिसतात. चित्रकाराचा हा अनुभव बाईंनी मातीत उतरवला. पट्ट्यामागची उंच दगडी भिंत या चित्राची पार्श्वभूमी झाली.

सॉमरसेटमधील हेस्टरकोम्ब येथील बाग १९०४ ते १९०८ या काळात घडली. तिथे लट्येन्स यांनी पायऱ्या, पाण्याचे अरुंद पाट आणि वेलींसाठी दगडी खांबांचा लांब मांडव आखला. दगडाची करडी धार मऊ करायला बाईंनी वाफ्यांच्या कडेला रुंद पानांची बर्जेनिया लावली. आपल्या हिमालयातला पाषाणभेद याच प्रजातीतला!

पुढे देखभाल थांबली. दगडकाम बरेचसे तगले, लागवड मात्र हरवली. १९७० च्या दशकात ती पुन्हा उभी करता आली, कारण बाईंनी काढलेले लागवडीचे नकाशे शिल्लक होते.

तेव्हा पहिले रोप लावण्याआधी मुलांकडून आवाराचा नकाशा काढून घेऊ या. ऊन, उतार, वाटा आणि रोपांची नावे त्यात नोंदवू या. झाड मरते, शिक्षकांची बदली होते. दप्तरात जपलेला कागद मात्र पुढच्या वर्गाला बाग परत देऊ शकतो.