शब्दवेध : बीट
अमेरिकेतील लेखकांच्या एका पिढीचे नाव बनलेला ‘बीट’ हा शब्द साहित्यिकांनी घडवलेला नाही; न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर भागातील भुरटे चोर आणि व्यसनी यांच्या बोलीत तो ‘थकलेला, पार नागवला गेलेला’ या अर्थाने रुळला होता आणि हर्बर्ट हंकी याच्या तोंडून तो गिन्सबर्ग, बरोज व केरुॲक या लेखक मित्रांच्या कानी पडला. १९४८ मध्ये लेखक मित्र जॉन क्लेलन होम्सशी झालेल्या गप्पांत केरुॲकने तो आपल्या साऱ्या पिढीला लावला आणि होम्सने १९५२ मधील लेखातून तो प्रसिद्धीस आणला, म्हणजे हे नामकरण मैत्रीतच झाले. कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या केरुॲकने पुढे त्याचे नाते ‘बीटिफिक’शी, म्हणजे परमानंदाने उजळलेल्या अवस्थेशी जोडले; भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती पटणारी नाही, पण त्याच्या लेखनाची किल्ली मात्र तिच्यातच सापडते. ‘बीटनिक’ हे चेष्टेचे रूप १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी स्पुटनिकच्या धर्तीवर बनवले.