कायम म्हणजे किती दिवस?

माझ्या लहानपणी घरी येणारा प्रत्येक पाहुणा वडिलांना विचारायचा, ‘पर्मनंट झालात का?’ अकरा वर्षं ते ‘टेंपररी’ होते. ज्या दिवशी कागद आला, त्या दिवशी आईनं गल्लीभर पेढे वाटले. तेव्हापासून या इंग्रजी शब्दाचा मला दरारा वाटत आला.

शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, शेवटपर्यंत राहणारा. आपण त्याला ‘कायम’ म्हणतो. तो अरबीतून आला. त्याचा अर्थ ‘उभा असलेला’. नमाजमध्ये उभं राहणं म्हणजे कियाम. गंमत अशी, की दोन रात्रींचा ‘मुक्काम’ही त्याच धातूतून आलेला आहे!

या शब्दाची मोठी परीक्षा झाली बंगालमध्ये. २२ मार्च १७९३ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसनं ‘पर्मनंट सेटलमेंट’ जाहीर केली. मराठीत तिला ‘कायमधारा’ म्हणतात. दहा वर्षं थांबून पाहावं, असं जॉन शोअर यांचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही. जमीनदारानं सरकारला द्यायचा सारा कायमचा ठरला. पण ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हप्ता पोचला नाही, तर जमीनदारीचा लिलाव. लोक त्याला ‘सूर्यास्त कायदा’ म्हणत. पहिल्या काही दशकांतच कितीतरी जुनी घराणी या लिलावात बुडाली. म्हणजे सरकारची मागणी तेवढी कायम, जमीनदार सूर्यास्तापर्यंत!

आणि रयत? तिचा खंड कुणी कायम केला नव्हता. उलट १७९९ च्या कायद्यानं थकबाकीसाठी कुळाचं पीक आणि गुरं जप्त करण्याचे अधिकार जमीनदाराला मिळाले. कुळाला कायद्याचा थोडाफार आधार मिळायला १८५९ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडे हा कायमधारा आला नाही. इंदापुरात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतकऱ्याशी थेट सारा ठरवला, तोही तीस वर्षांपुरता. बंगालमधला ‘कायम’ही अखेर संपलाच. बिहारमध्ये १९५० च्या आणि पश्चिम बंगालमध्ये १९५३ च्या कायद्यानं जमीनदारी गेली. कायमचं वय भरलं जेमतेम एकशेसाठ वर्षं.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत वडिलांचा तो कागद सापडला. ‘पर्मनंट’ हा शब्द ठळक टाइप केलेला होता. खाली बारीक अक्षरात अट होती : एक महिन्याच्या नोटिशीनं सेवा समाप्त करता येईल. आईला इंग्रजी येत नव्हतं. वडिलांना येत होतं. पण पेढे वाटून होईपर्यंत ते काही बोलले नसावेत.