यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग

यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग (संक्षेप: वायआयएम) ही जीवशास्त्र व जैववैद्यक शाखांतील नवनियुक्त प्राध्यापक-संशोधकांसाठी इंडियाबायोसायन्सतर्फे भरवली जाणारी निवासी परिषद होय. तिचा आरंभ २००९ मध्ये झाला. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रोनाल्ड वेल यांचा या उपक्रमाच्या उभारणीत मोठा वाटा होता. २०१२ ची परिषद पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील लवासा येथे झाली.

परिषदेत नवे प्राध्यापक, नोकरीच्या शोधातील पीएच.डी.पश्चात संशोधक, संस्थांचे संचालक आणि अनुदान देणाऱ्या संस्थांचे अधिकारी एकत्र येतात. शोधनिबंधांइतकेच महत्त्व येथे व्यावहारिक प्रश्नांना असते: प्रयोगशाळा कशी उभारावी, विद्यार्थी कसे निवडावेत, पहिला अनुदान-प्रस्ताव कसा लिहावा.

अनुदानाचे मार्ग अनेक आहेत. जैवतंत्रज्ञान विभाग व ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये स्थापलेली इंडिया अलायन्स जैववैद्यक संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. परदेशातून परतणाऱ्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती आहे. तिला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे माजी महासंचालक वुलिमिरी रामलिंगस्वामी यांचे नाव दिलेले आहे.

राष्ट्रीय संशोधन संस्थांच्या तुलनेत विद्यापीठीय संशोधकांची अडचण मात्र वेगळी असते. अध्यापन, परीक्षा व प्रशासकीय कामे सांभाळून त्यांना प्रस्ताव लिहावे लागतात. अनुदान मंजूर झाले तरी ते साधारणतः विद्यापीठामार्फतच खर्च होते. त्यामुळे एखादे रसायन मागवण्यासही लेखा विभागाची संमती लागते. २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या उद्दिष्टांत विद्यापीठे व महाविद्यालयांतील संशोधनास चालना देण्याचा समावेश आहे.