छोट्या फियाटचा मोठा आवाज : सायलेन्सरवरून संशोधनाचा प्रश्न कसा घडतो

छोट्या गाडीचा सायलेन्सर बदलून तिचा आवाज भारदस्त करायचा, हा पोरखेळ वाटतो ना? पण यातून इतिहासाचा चांगला प्रश्न तयार होतो. पीएच.डी.साठी विषय शोधणारे अनेक जण ‘विषय’ आणतात, ‘प्रश्न’ आणत नाहीत. आज हा फरक आपण इटलीतल्या एका उदाहरणावरून बघू.

आधी घटना समजून घ्या. व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो अबार्थने १९४९ मध्ये इटलीत स्वतःची कंपनी काढली आणि लवकरच ती तुरिनला, म्हणजे फियाटच्याच शहरात, नेली. रेसिंगच्या गाड्या बनवणं खर्चाचं काम होतं. त्याला पैसा पुरवला तो सामान्य माणसाच्या गाडीत बसणाऱ्या सायलेन्सरनं. युद्धानंतरच्या इटलीत लोकांच्या हाती येत होत्या त्या छोट्या गाड्या: टोपोलिनो, १९५५ ची फियाट ६००, आणि १९५७ ची नवी फियाट ५००. या शेवटच्या गाडीचं इंजिन होतं ४७९ सीसीचं आणि ताकद सुरुवातीला जेमतेम १३ हॉर्सपॉवर. ज्याला आणखी हवं असेल त्याच्यासाठी अबार्थ पूर्ण संच विकत असे. लाकडी पेटीत कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट आणि इंजिनाचे इतर भाग यायचे. नुसता सायलेन्सरही वेगळा मिळायचा.

आता यामागचं तंत्र थोडक्यात. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. फियाट ५०० ला दोन सिलिंडर, म्हणजे दर फेरीला एक स्फोट. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला ५० स्फोट. हा झाला मूळ स्वर, अगदी खर्जातला, आणि त्यावर त्याच्या पटीतले वरचे स्वर. साध्या सायलेन्सरमध्ये सहसा जळालेला वायू कप्प्याकप्प्यांतून वळवत नेतात, त्यामुळे सगळाच आवाज दबतो. अबार्थच्या सायलेन्सरमध्ये भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर असे. अशी लोकर वरचे कर्कश स्वर चांगले शोषते, खर्ज मात्र बराचसा सोडून देते. म्हणून आवाज नुसता वाढत नाही, तर खोल होतो.

इनटेकचंही तसंच. इंजिन हवा एकसारखी ओढत नाही, घोटाघोटानं ओढते. एअर फिल्टरचा डबा हवा गाळतो आणि त्या घोटांचा आवाजही दाबतो. मोठा कार्ब्युरेटर लावून डबा मोकळा केला की इंजिनाचा श्वास ऐकू येतो.

इथपर्यंत आपल्याकडे माहिती आहे, संशोधन नाही. प्रश्न असा करा: सायलेन्सर घेणारा माणूस नेमकं काय विकत घेत होता, ताकद की आवाज? १३ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला नुसत्या सायलेन्सरनं फार मोठी ताकद येणं शक्य नव्हतं. त्यासाठी इंजिनालाच हात घालावा लागे. १९६३ च्या अबार्थ ५९५ मध्ये तेच केलं: सिलिंडरचा व्यास वाढवला आणि ताकद २७ हॉर्सपॉवरपर्यंत नेली. दुसरीकडे कंपनीच्या इतिहासात १९६२ या वर्षासाठी सुमारे २,५७,००० सायलेन्सर असा आकडा दिला जातो. लगेच वाटतं, ‘बघा, लोक आवाजच विकत घेत होते!’

थांबा. दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली, हा आकडा कंपनीनं स्वतःबद्दल सांगितलेला आहे. तो खोटा असेल असं नाही, पण तो कशाची मोजणी आहे हे विचारायला हवं: तयार केलेले, की विकलेले? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे गंज. साध्या पत्र्याचा सायलेन्सर काही वर्षांत सडतो आणि बदलावाच लागतो. मग कुणी हौसेनं अबार्थ घेतला आणि कुणी ‘नाहीतरी बदलायचाच आहे’ म्हणून घेतला, हे एकूण आकड्यातून कळणार नाही. तुमच्या निष्कर्षाला असा साधा, कंटाळवाणा पर्याय नेहमी असतो. व्हायव्हामध्ये परीक्षक तोच विचारतात.

मग पुरावा कुठे शोधायचा? कंपनीच्या सायलेन्सरपेक्षा अबार्थचा किती महाग होता, हे किंमतपत्रकांवरून बघा. जाहिरातीत वेग सांगितलाय की आवाज, हे मोजा. १९५६ पासून निघणाऱ्या ‘क्वात्रोरुओते’ मासिकात वाचक काय लिहीत होते ते पाहा. आणि उलट बाजूची कागदपत्रं विसरू नका. १९७० मध्ये युरोपीय समुदायानं मोटारींच्या आवाजावर निर्देश काढला, त्यात प्रवासी गाडीसाठी मर्यादा होती ८२ डेसिबल. ज्या आवाजाला एक जण ‘मस्त’ म्हणतो, त्यालाच शेजारी ‘गोंगाट’ म्हणतो. दोघांचीही नोंद मिळाली तरच इतिहास पुरा होतो.

अजून एक सापळा. १९७१ मध्ये फियाटनं अबार्थ विकत घेतली. आज याच नावाची विजेवर चालणारी ५००ई गाडी आहे. तिला सायलेन्सर नाही, इनटेक नाही, पण जुन्या पेट्रोल अबार्थसारखा आवाज काढणारा स्पीकर आहे. मोह होतो म्हणायचा की ‘म्हणजे मुळात आवाजच विकला जात होता’. पण २०२२ मध्ये आलेली गाडी १९६२ च्या गिऱ्हाइकाच्या मनाचा पुरावा होऊ शकत नाही. ब्रँड स्वतःचा भूतकाळ आजच्या सोयीनं सांगतो. ती सांगण्याची पद्धत हा तुमचा वेगळा विषय होऊ शकेल, पण इथे तिला साक्षीदार करू नका.

आता तुमची पाळी. तुमच्या गावात बुलेटचे फटाके वाजवणारे सायलेन्सर बसवणारं गॅरेज असेलच. त्यावर एका वाक्यात प्रश्न लिहा. त्याखाली तुमच्या आवडत्या उत्तराला खोटं पाडू शकेल असा एक पुरावा लिहा. दुसरी ओळ सुचत नसेल, तर पहिली पुन्हा लिहा. प्रस्तावनेला हात त्यानंतरच घाला.