राल्फ मर्कल यांचे पेपर आणि सायटेशनचं गणित

एखाद्या पेपरचा उल्लेख नंतरच्या किती पेपरांमध्ये झाला, तो आकडा म्हणजे सायटेशन काउंट. संशोधकाचं वजन बऱ्याचदा यावरच ठरतं. राल्फ मर्कल यांच्या बाबतीत मला हा आकडा अपुरा वाटतो.

१९७४ मध्ये बर्कलीला शिकत असताना त्यांनी एक कल्पना मांडली: आधी काहीही ठरलेलं नसताना, कोणीही ऐकू शकेल अशा लाइनवरून दोघांनी गुप्त किल्ली ठरवायची. १९७५ मध्ये पेपर पाठवला, तो नाकारला गेला. एक तक्रार अशी की त्यात आधीच्या कामाचे संदर्भच नाहीत! आता विषयच नवा, तर संदर्भ आणायचे कुठून? पेपर छापून आला एप्रिल १९७८ मध्ये. तोवर डिफी आणि हेलमन यांचा १९७६ चा पेपर गाजला होता आणि त्यांचीच नावं रूढ झाली. (त्यात मर्कल यांच्या कामाचा उल्लेख आहे, हेही खरं.) २००२ मध्ये हेलमन यांनीच मर्कल यांचं नाव जोडावं असं सुचवलं.

मर्कल ट्री ही रचना मात्र त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बिटकॉइनच्या २००८ च्या पेपरात जेमतेम ८ संदर्भ आहेत, त्यातला एक मर्कल यांच्या १९८० च्या पेपरचा. गिटमध्येही हॅशवर हॅश रचायची हीच कल्पना आहे. मी दिवसातून दहादा कमिट करतो, ते कुठल्याच सायटेशनमध्ये मोजलं जात नाही.